असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही. जुन्या डिस्कमध्ये आजीची गाणी आहेत, मदत हवी

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी,

धाकट्या बहिणीला यंदा डिप्लोमाला कॉम्प्युटर शाखा मिळाली. तयार मशीन घेण्यापेक्षा एकेक भाग आणून आपणच जुळवू, तिलाही शिकायला मिळेल, म्हणून जळगावला गोलाणी मार्केटला दोन खेपा केल्या. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, नवी डिस्क म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. एक नवीन आणली, दुसरी मावसभावाच्या बंद पडलेल्या मशीनमधली. शिवाय घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची १ टीबी हार्ड डिस्क जोडली, त्यात विंडोज ७ होतं.

जुळवाजुळव धाकटीनेच केली. पहिल्याच वेळी डिस्प्ले आला. अडलं ते पुढे.

पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर आधी "हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही" असं आलं. एका मित्राने फोनवर सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, सीएसएम (मशीन जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद केलं, एफटीपीएम (टीपीएम ही सुरक्षेची सोय) चालू केलं, तेव्हा तो संदेश गेला. मग डिस्क निवडायच्या पानावर डिस्क ० निवडली तर म्हणे या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची जुन्या पद्धतीची नोंद) आहे, इथे बसणार नाही. डिस्क १ निवडली तर फाइल कॉपी होताना ३४ टक्क्यांवर थांबलं, एरर ०एक्स८००७०२५डी. दुसऱ्यांदा ६१ टक्क्यांवर. तिसऱ्यांदा १२ टक्क्यांवर, आणि तेव्हा एरर ०एक्स८००७०५७०.

तोच मित्र म्हणतो, कमांड उघडून डिस्क ० "क्लीन" कर. माझा हात थांबला, म्हणून इथे लिहितोय. जुन्या डिस्कमध्ये आमच्या आजीने म्हटलेली खानदेशच्या कानबाई देवीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या आहेत. बाबांनी रात्री-रात्री बसून रेकॉर्ड केल्या होत्या. आजी आता नाही. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही.

केळीबाग (रावेर)

सोपं आहे भो. शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. पाच मिनिटांचं काम.

पांझरा (धुळे)

थांबा! बोरीकाठ भाऊ, हे अजिबात करू नका. आधी मशीन बंद करा, प्लग काढा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल, डेटाची आणि पॉवरची, काढून ठेवा. ते झाल्याचं इथे लिहा, मग पुढचं बोलू.

कारण सांगतो. डिस्क ० म्हणजे नवी डिस्क असं मुळीच नसतं. बोर्डाने ज्या क्रमाने ओळखल्या तो नुसता क्रमांक असतो, आणि साटा पोर्टवरची जुनी डिस्क ० आणि एनव्हीएमई १ असं बऱ्याचदा दिसतं. आकार बघा. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते आणि ५०० ची ४६५. तुम्हाला एमबीआरचा संदेश आला ती ९३१ वालीच असणार, कारण विंडोज ७ च्या काळातली डिस्क बहुधा एमबीआरच असते. तो संदेश बिघाडाचा नाहीच. यूईएफआय या नव्या पद्धतीने विंडोज बसवायला जीपीटी ही नव्या प्रकारची नोंद लागते, एवढंच तो सांगतोय, आणि त्या डिस्कवर तर तुम्हाला बसवायचंच नाही. "क्लीन" दिली की डिस्कचं पार्टिशन टेबल जातं. त्यानंतर कोणी चुकून फॉरमॅट करून वर काही लिहिलं तर आजीचा आवाज परत आणणं फार अवघड.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. समजा तुम्ही बरोबर एनव्हीएमई निवडली, पण जुनी डिस्क जोडलेलीच आहे. अशा वेळी विंडोज कधीकधी बूटची, म्हणजे मशीन सुरू करणारी, फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवून मोकळं होतं. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवं मशीन चालूच होत नाही, आणि माणूस बिचारा एसएसडीला दोष देतो. माझ्याकडे दुरुस्तीला अशी मशीनं आली आहेत. म्हणून ज्या डिस्कवर बसवायचं ती एकटी ठेवायची, बाकी सगळ्या काढून बाजूला.

तापीपुत्र (शिरपूर)

पांझरा दादांच्या शब्दाला जोड देतो. माझ्या लग्नाचे आणि आईच्या साठीचे फोटो असेच गेले. दुकानात मशीन "फॉरमॅट करून द्या" एवढंच सांगितलं होतं, दुसरी डिस्क वेगळी आहे हे सांगायचं राहिलं, त्यांनी विचारलंही नाही. मन्हा बठ्ठा फोटो गयात. भाऊ, आजी परत गायला येणार नाही. ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

केळीबाग (रावेर)

माफ करा भाऊ. डिस्कमध्ये काय आहे ते नीट न वाचताच लिहिलं. माझी पोस्ट कोणी वापरू नये. नव्या कोऱ्या डिस्कला ती कमांड लागतही नाही, "अनअलोकेटेड" म्हणजे रिकामी जागा निवडून पुढे गेलं की इन्स्टॉलर स्वतःच पार्टिशन करतो.

बोरीकाठ (अमळनेर)

डिस्क काढली. धाकटीने जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवली. केळीबाग भाऊ, मनात काही ठेवू नका, तुम्ही मदतीलाच आलात.

आता एकट्या एनव्हीएमईवर पुन्हा केलं. ४७ टक्क्यांवर थांबलं. एरर तीच, ०एक्स८००७०२५डी.

मुक्ताई (जळगाव)

बोरीकाठ दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच एक खूण आहे. ३४, ६१, १२, आता ४७. दर वेळी आकडा वेगळा.

विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये सगळी प्रणाली एकाच मोठ्या दाबलेल्या फाइलमध्ये असते. इन्स्टॉलर ती तुकड्या-तुकड्याने वाचतो, रॅममध्ये उलगडतो, तुकडा मूळच्यासारखाच आहे का ते हिशेबाने ताडतो आणि एसएसडीवर लिहितो. ताळा जुळला नाही की "फाइल खराब आहे" म्हणतो. तुमचे दोन्ही एरर त्याच जातीचे. आता फाइल पेनड्राइव्हवरच खराब असेल, तर बहुधा दर वेळी त्याच ठिकाणी अडायला हवं. जागा बदलते म्हणजे वाटेत कुठेतरी बिघडतंय: यूएसबी पोर्ट, मरायला टेकलेला पेनड्राइव्ह किंवा रॅम. माझा संशय रॅमवर आहे, पण पेनड्राइव्ह तपासणं स्वस्त, म्हणून आधी तो.

दुसऱ्या चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फाइल नव्याने उतरवा, वेगळ्या ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर त्यांच्याच मीडिया क्रिएशन टूलने किंवा रुफस या मोफत प्रोग्रामने बनवा. नुसती कॉपी-पेस्ट करू नका. फॅट३२ या पेनड्राइव्हच्या मांडणीत ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही आणि विंडोजची ती मोठी फाइल बहुतेकदा त्याहून जास्त असते. रुफसमध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडा. मग पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात न लावता मागे थेट बोर्डावर लावा. पुढच्या पोर्टाची वायर सैल असल्यानेही असले एरर येतात.

आणि बूट मेन्यूमध्ये एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसली तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तेच निवडा. तुमचा पहिला "चालवू शकत नाही"चा संदेश त्यातूनही आलेला असू शकतो. जुन्या पद्धतीने बूट झालं की सिक्युअर बूटची (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) अट पुरी होत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.०, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, तुमच्याकडे सगळं आहे. एएमडीच्या बोर्डावर टीपीएम "एफटीपीएम" नावाने असतं, इंटेलच्या बोर्डावर "पीटीटी" नावाने, म्हणून लोकांना सापडत नाही.

सातपुडा (शहादा)

बायोस अपडेट करून बघायला काय हरकत आहे?

पांझरा (धुळे)

आत्ता नको. बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव बरोबर दिसतंय, डिस्प्ले येतोय, मग घाई कशाला? बायोस लिहिताना लाईट गेली तर बोर्ड जायबंदी होऊ शकतो. पुढेमागे करायचंच झालं तर यूपीएसवर, आणि संध्याकाळी शेतीपंप सुरू होऊन व्होल्टेज खाली येतं ती वेळ टाळून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि महिन्याने पुन्हा तेच दुखणं निघतं.

बोरीकाठ (अमळनेर)

नवा पेनड्राइव्ह, नवी फाइल, मागचा पोर्ट. ५८ टक्क्यांवर थांबलं.

एक विचारायचं राहिलं. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. धाकटी म्हणते त्यानेच काही बिघडलं नसेल ना? भीती वाटते तिला, आणि मलाही.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

मी रेल्वेत विद्युत विभागात होतो, आता निवृत्त. या प्रश्नावर नेमकं लिहितो, कारण आपल्या भागात हे घरोघरी आहे.

एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह फार थोडा, म्हणून मुंग्याच येतात. टेस्टर लावून बघितलं तर मंद पेटतो. पण मॉनिटर किंवा दुसऱ्या मशीनची केबल चालू अवस्थेत लावली तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. आणि मुंग्यांऐवजी जोराचा झटका बसला तर तो वेगळा आणि धोक्याचा बिघाड, तेव्हा मशीन लगेच बंद.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी धरच सुटतो. कागदावर अर्थिंग असतं, कामाला नसतं. वायरमन बोलावून मोजून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर त्यात पाणी घालत जा. थ्री पिनची अर्थची जाड पिन कापून टू पिनमध्ये घातली असेल तर आजच बदला, मशीनपेक्षा मुलीचा जीव मोठा.

फाइल खराब होण्याचा आणि याचा थेट संबंध मला दिसत नाही. पण रॅमला हात लावण्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा. कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज एका स्पर्शात चिप मारू शकते.

बोरीकाठ (अमळनेर)

काका, खूप आभार. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाची अर्थची वायर मोकळीच लटकत होती. वायरमनने जोडली, खड्ड्यात दोन हंडे पाणी ओतलं. मुंग्या गेल्या. धाकटी आता निर्धास्त हात लावते.

मुक्ताई (जळगाव)

छान झालं. आता रॅम. मेमटेस्ट८६ प्लस मोफत आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्याच्यावरून बूट करायचं. सुरू होत नसेल तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करा. आधी दोन्ही स्टिक ठेवून चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास, "एकच तर आहे" म्हणून सोडायची नसते. मग एकेक स्टिक वेगळी तपासा. चार स्लॉट असतील तर सीपीयूकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. एक्सएमपी चालू केलं असेल तर आधी बंद करा, वाढीव वेगामुळेही चुका होतात.

तापीपुत्र (शिरपूर)

माझी पैज मावसभावाच्या जुन्या स्टिकवर. आणि तपासण्याआधी सोनेरी दाते खोडरबरने हलक्या हाताने पुसून बघा, कधीकधी नुसता मळ असतो.

बोरीकाठ (अमळनेर)

रात्री नऊला लावलं. दोन्ही स्टिक असताना वीस मिनिटांत लाल ओळी. एक्सएमपी बंदच होतं.

मग एकेक. आधी मावसभावाची जुनी लावली, कारण मलाही तिचाच संशय होता. रात्रभर चालली, सकाळी चार फेऱ्या पूर्ण आणि एकही चूक नाही. मग नवी कोरी लावली. अकरा मिनिटांत लाल. दाते पुसले, पुन्हा लाल. स्लॉट बदलला, तरी लाल. नवी स्टिकच खराब निघाली! धाकटी वहीत वेळ आणि स्लॉट लिहीत होती, तिच्या वहीमुळेच मला हे इतकं नेमकं सांगता येतंय.

नवी काढून ठेवली आणि जुन्या एकट्या ८ जीबीवर विंडोज बसवायला घेतलं. ३४ गेलं, ६१ गेलं, आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. एकदाही न अडखळता १०० झालं.

पांझरा (धुळे)

वा! बिल असेल ना? रॅमवर कंपन्या लांब मुदतीची वॉरंटी देतात. मेमटेस्टच्या लाल पानाचा फोटो काढून ठेवा, दुकानात तो दाखवला की वाद उरत नाही. दुसरी स्टिक येईपर्यंत चित्र थोडं जड चालेल. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतलंच आहे आणि ते हीच रॅम वाटून घेतं.

बोरीकाठ (अमळनेर)

बिल आहे, शनिवारी जातो. पण आता "नेटवर्कशी जोडा" या पानावर अडकलोय. वायफाय दिसत नाही, पुढचं बटण दबत नाही.

केळीबाग (रावेर)

हे मी नक्की सांगू शकतो, माझ्याकडे हेच झालं होतं. इन्स्टॉलरमध्ये तुमच्या बोर्डाच्या वायफायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) नाही. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने लावा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अर्ध्या मिनिटात नेट येईल. विंडोज चालू झालं की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर घ्या.

बोरीकाठ (अमळनेर)

चाललं! केळीबाग भाऊ, धाकटीने खास आभार मानायला सांगितलंय.

सातपुडा (शहादा)

माझी अडचण वेगळी, इथेच विचारतो. भाच्याचं मशीन इंटेलचं आहे, अकराव्या पिढीचं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, बायोसमध्ये मात्र दिसते.

मुक्ताई (जळगाव)

बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असेल. अकराव्या पिढीपासून इंटेलवर हे आढळतं. नव्याने बसवत असाल तर ती बंद करा, डिस्क दिसेल. किंवा इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये टाकून "लोड ड्रायव्हर" करा. आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर मात्र ही सोय मध्येच बंद करू नका, ते बूटच होणार नाही.

पांझरा (धुळे)

बोरीकाठ भाऊ, जुनी डिस्क जोडायच्या आधी दोन गोष्टी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या एसएसडी आपणहून एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करू शकतात. सेटिंगमध्ये बघा, रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा. पुढे बायोस अपडेट केलं की तीच की मागितली जाऊ शकते.

आणि जुनी डिस्क लावल्यावर "फॉरमॅट करायची का" किंवा "इनिशियलाइझ" असं विचारलं तर नाही म्हणायचं, बंद करून इथे यायचं. उघडली तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने डिस्कची तब्येत बघा. पिवळं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी गाण्यांचं फोल्डर उचला. अशा डिस्कला फार वेळ नसतो.

बोरीकाठ (अमळनेर)

पिवळंच दिसलं. काळजात धस्स झालं. रिअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे डिस्कने खराब म्हणून बदललेल्या जागांचा, आकडा होता. दुसरं काही न उघडता गाण्यांचं फोल्डर आधी एसएसडीवर घेतलं, मग धाकटीच्या पेनड्राइव्हवर, मग बाबांच्या मोबाइलमध्ये. सगळ्या फाइल आल्या. एक फाइल कॉपी होताना बराच वेळ अडकली होती, पण आली. मित्राचं ऐकून त्या रात्री क्लीन दाबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

बाबांना पहिली फाइल लावून दिली. गाण्याआधी आजी विचारते, "चालू व्हयनं का?" बाबा तिथेच खाली बसले. मग तीनदा ऐकली.

आता धाकटीला ही गाणी ऐकून टाइप करायची आहेत, अहिराणीत जशी आहेत तशीच. तिला मराठी टायपिंग येत नाही. काय बसवू?

मुक्ताई (जळगाव)

वेगळं काही बसवायला नको. भाषा म्हणून मराठी जोडा, इनस्क्रिप्ट (प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा) दोन्ही कळफलक विंडोजमध्येच मिळतात. फोनेटिक लगेच जमेल. पण तिच्याकडे वेळ आहे, तर इनस्क्रिप्ट शिकू दे. महिनाभरात हात बसतो, आणि अहिराणीतले "न्ह", "व्हय", "ऱ्ह" असले जोड हवे तसे उमटतात, पर्याय निवडत बसावं लागत नाही. आणि अहिराणीचे उच्चार मराठीच्या स्पेलचेकने लाल दाखवले तर तिला सांगा, ते बदलायचे नाहीत.

बोरीकाठ (अमळनेर)

सांगितलं. इनस्क्रिप्ट घेतलंय. पहिल्या ओवीच्या चार ओळी झाल्या, एका शब्दावर अडलीय, तो बाबांना विचारायला शेतात गेलीय.